पंच, ज्यूरी आणि वाचक : निर्णयाच्या जबाबदारीविषयी

१

मराठी समीक्षेने न्यायव्यवहारातून बरीच शब्दसंपदा उचललेली आहे. निर्णय, निवाडा, साक्ष, पुरावा, प्रमाण, पक्ष हे शब्द वाङ्मयीन चर्चेत आपण सहज वापरतो. ‘संहिता’ हा शब्द तर कायद्याच्या ग्रंथालाही चालतो आणि साहित्यकृतीलाही. या देवाणघेवाणीत समीक्षकाची भूमिका मात्र ठरावीक नमुन्यांवरच कल्पिली गेली. तो एक तर न्यायाधीश असतो, म्हणजे निकषांचा जाणकार आणि अखेरचा निवाडा देणारा. किंवा तो वकील असतो, म्हणजे एका लेखकाचा अथवा संप्रदायाचा पक्ष मांडणारा. किंवा मग न्यायालयाशी आपला काही संबंध नाही असे सांगणारा रसिक असतो. न्यायालयात बसणारी आणखी एक व्यक्ती, म्हणजे ज्यूरीतला सामान्य नागरिक, या चर्चेत फारशी आलेली नाही. ती आणली तर वाचन आणि मूल्यनिर्णय यांच्या संबंधाविषयी काही निराळे हाती लागते, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

‘ज्यूरी’ हा शब्द मराठीत आला आणि रुळला, पण त्याला टिकाऊ मराठी प्रतिशब्द मिळाला नाही. ‘पंच’ हा शब्द जवळचा होता, परंतु त्याला आपला स्वतंत्र इतिहास होता. मराठेशाहीत गोतसभेपुढे तंटा येई, वतनदार आणि बलुतेदार एकत्र बसत, आणि झालेल्या निवाड्याच्या महजरावर उपस्थितांच्या साक्षी व निशाण्या पडत. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात या व्यवहाराचा तपशिलाने अभ्यास केला आहे. आज पंच हा शब्द तीन ठिकाणी उरला आहे : क्रिकेटच्या मैदानावर, जातपंचायतीत, आणि पोलिसांच्या पंचनाम्यात. पंचनाम्यातल्या पंचाने निर्णय द्यायचा नसतो; त्याने पाहायचे आणि सही करायची असते. ‘पाचामुखी परमेश्वर’ या म्हणीतला पंच आणि पंचनाम्याखाली सही करणारा पंच यांच्यातले अंतर हे निर्णयाचा अधिकार समाजाच्या हातून कसा निसटत गेला याचेही अंतर आहे.

‘ज्यूरी’ या शब्दाचे पुढे जे झाले ते वाङ्मयाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावे असे आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीची तरतूद ठेवली गेली नाही. ती संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली. पारशी विवाहविषयक न्यायालयात बसणारे प्रतिनिधी एवढाच त्या पद्धतीचा अवशेष आपल्याकडे राहिला. परंतु शब्द मेला नाही. चित्रपट महोत्सवाला ज्यूरी असते, नाट्यस्पर्धेला असते, पुरस्कारालाही असते. या नव्या वापरात अर्थ मात्र उलटला. पुरस्काराच्या ज्यूरीवर माणूस येतो तो तज्ज्ञ म्हणून. न्यायालयाच्या ज्यूरीवर तो येत असे तो यादीतून चिठ्ठी निघाली म्हणून. पहिल्याचा अधिकार त्याच्याबरोबर येतो; दुसऱ्याला तो त्या खटल्यापुरता मिळतो आणि खटला संपताच जातो. लेखाचा विषय हा दुसरा माणूस आहे.

२

मराठी लेखन ज्यूरीपुढे आले त्याची दोन उदाहरणे सर्वश्रुत आहेत. ती राजकीय इतिहासात वारंवार सांगितली जातात, पण त्यांच्याकडे वाचनाचे प्रसंग म्हणून क्वचितच पाहिले जाते.

सप्टेंबर १८९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. स्ट्रॅची यांच्यापुढे टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. पुराव्यात ‘केसरी’च्या १५ जून १८९७ च्या अंकातील मजकूर होता. त्यात ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता होती आणि शिवाजी उत्सवातील भाषणांचा वृत्तान्त होता. म्हणजे ज्यूरीने जे ठरवायचे होते त्यात कवितेचा अर्थही आला. ज्यूरीत नऊ जण होते, सहा युरोपीय आणि तीन हिंदी. सहांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोष. ज्यूरीच्या कौलासाठी किमान सहा जणांचे एकमत लागे आणि त्याला न्यायाधीशाची संमती लागे. ती किमान संख्या येथे नेमकी भरली. टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

न्या. स्ट्रॅची यांनी राजद्रोहाच्या कलमातील ‘अप्रीती’ या कल्पनेची व्याख्या प्रीतीचा अभाव अशी केली, आणि त्या व्याख्येवर पुढे पुष्कळ टीका झाली. वाङ्मयसिद्धान्ताच्या दृष्टीने त्यांच्या मार्गदर्शनातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. या मजकुराचा परिणाम इंग्रज, पारशी किंवा तत्त्वचिंतक वृत्तीच्या सुशिक्षित हिंदू वाचकावर काय होईल ते पाहू नका. दख्खन-कोकणात ‘केसरी’ ज्यांच्या हाती पडतो त्यांच्यावर काय होईल ते पाहा, असा त्याचा आशय होता. म्हणजे ज्यूरीतील प्रत्येकाने आपण स्वतः जो वाचक नाही त्या वाचकाची कल्पना करावी, आणि त्या कल्पित वाचकाच्या मनात काय घडेल ते ठरवावे. वोल्फगांग इझरने पुढे ज्याला अभिप्रेत वाचक म्हटले तो संहितेच्या रचनेतून उद्भवतो. येथे ज्यूरीला जो वाचक सुचवला गेला तो संहितेतून आलेला नव्हता, तो राज्यकर्त्यांच्या समाजचित्रातून आलेला होता. या फरकाचे परिणाम वाङ्मयीन वादापुरते राहिले नाहीत. एक माणूस त्यामुळे तुरुंगात गेला.

१९०८ च्या खटल्यात हाच प्रश्न भाषेच्या अंगाने उभा राहिला. ‘देशाचे दुर्दैव’ (१२ मे १९०८) आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ (९ जून १९०८) हे अग्रलेख त्यात मुख्य होते. सरकारपक्षाने खास ज्यूरी मागितली तेव्हा टिळकांच्या वतीने बॅ. जोसेफ बॅप्टिस्टा यांनी विरोध केला. लेख मराठी आहेत, तेव्हा ते मराठी जाणणाऱ्यांनीच पारखावेत, हा त्यांचा मुद्दा होता. तो मान्य झाला नाही. न्या. दावर यांच्यापुढे सात युरोपीय आणि दोन पारशी अशी ज्यूरी बसली. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली; त्यांचे भाषण सर्व दिवस मिळून एकवीस तास दहा मिनिटे चालले. निकालानंतर ते जे थोडे बोलले ते उच्च न्यायालयात संगमरवरावर कोरलेले आहे आणि शाळकरी मुलांनाही माहीत आहे. त्याआधीच्या एकवीस तासांत ते काय करीत होते, हे मात्र विस्मरणात गेले. त्यातला मोठा भाग भाषांतराचा होता. त्यांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली, शब्दांच्या छटा मांडल्या, मराठी भाषा राजकीय विचार व्यक्त करण्यासाठी अजून घडते आहे याकडे लक्ष वेधले. मूळ भाषा न जाणणाऱ्या नऊ माणसांना ते एका अर्थी मराठी वाचायला शिकवीत होते.

निकाल सात विरुद्ध दोन असा लागला आणि सहा वर्षांची हद्दपारीची शिक्षा झाली. हा सगळा खटला पूर्वनियोजित होता, ज्यूरी हा निव्वळ देखावा होता, असे म्हणून विषय संपवता येतो. परंतु मग १८९७ चे तीन आणि १९०८ चे दोन यांचे काय करायचे? त्यांनी कारणे दिली नाहीत. ज्यूरीला कारणे द्यावी लागत नसत. त्यांना शिक्षा टाळता आली नाही. तरी राज्यसत्तेच्या न्यायमंदिरात, राज्यसत्तेने निवडलेल्या वाचकांपैकी काहींना तोच मजकूर वेगळा दिसला, ही नोंद त्यांच्या नकारामुळे राहिली. अन्वय एकच होता असे आता कोणालाही म्हणता येत नाही. वाङ्मयाच्या इतिहासात अल्पमताच्या वाचनाला एवढे साधे आणि एवढे पक्के स्थान क्वचित मिळते.

३

नाशिकचे उदाहरण याहून वेगळे आहे, आणि ज्यूरीच्या अभावी काय घडते हे त्यावरून दिसते.

नाशिकच्या मित्रमेळ्याचे कवी गोविंद, म्हणजे गोविंद त्र्यंबक दरेकर, यांच्या कविता गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकर यांनी ‘लघु अभिनव भारतमाला’ या नावाने प्रसिद्ध केल्या. त्याबद्दल राजद्रोह आणि राजाविरुद्ध युद्धास चिथावणी या आरोपांखाली नाशिकच्या सत्र न्यायालयाने जून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये ती कायम केली. कवितासंग्रहाच्या प्रकाशनासाठी जन्मठेप, हे मराठी काव्याच्या इतिहासातले असाधारण प्रकरण आहे. मराठी काव्यसमीक्षेने त्याची दखल देशभक्तीच्या प्रकरणात घेतली, काव्यार्थाच्या प्रकरणात घेतली नाही.

१८९८ च्या फौजदारी संहितेनुसार सत्र न्यायालयातला खटला एक तर ज्यूरीपुढे चाले किंवा असेसरांच्या साहाय्याने चाले. कोणत्या जिल्ह्यात आणि कोणत्या गुन्ह्यांसाठी ज्यूरी असावी हे सरकार ठरवी. असेसर हे स्थानिक प्रतिष्ठित असत. ते मत देत, परंतु ते मत न्यायाधीशावर बंधनकारक नसे. ‘विचारले जाते पण मोजले जात नाही’ अशी ही जागा होती, आणि १९५५ च्या दुरुस्तीने ती रद्द होईपर्यंत टिकली. बाबारावांच्या प्रकरणात कवितांचा अर्थ अखेर ठरला तो उच्च न्यायालयातल्या न्यायमूर्तींच्या वाचनाने.

त्या न्यायमूर्तींमध्ये ना. ग. चंदावरकर होते. टिळकांच्या ज्यूरीविषयी जी तक्रार करता येते ती त्यांच्याविषयी करता येत नाही. ते मराठी जाणत होते, प्रार्थना समाजाचे धुरीण होते, संतवाणीचे अभ्यासक होते. देव, दैत्य, पुराणकथा, शिवाजी यांचे संकेत त्यांना समजावून सांगण्याची गरज नव्हती. पुराणातील देवदानवांची युद्धे आणि इतिहासातील वीर हे या कवितांत निमित्तमात्र आहेत, परकी सत्तेविरुद्ध शस्त्र उचला हा खरा आशय आहे, असा त्यांच्या निवाड्याचा सारांश आहे.

आता हे वाचन चुकीचे होते काय? प्रामाणिकपणे पाहिले तर चुकीचे म्हणता येत नाही. स्वातंत्र्यानंतर आपण याच कवितांचा गौरव नेमक्या याच अर्थासाठी करतो. चंदावरकरांनी रूपक ओळखले. जाणकार वाचकाने जे करावे तेच त्यांनी केले. पण त्यांच्या वाचनात एक गोष्ट घडली नाही : ते दुसऱ्या वाचनासमोर उभे राहिले नाही. रूपक ओळखणे म्हणजे आड असलेला अर्थ सांगणे. परंतु रूपकात वरचा अर्थही जिवंत असतो, आणि तो ऐकणारा, त्यातून केवळ भक्ती किंवा वीररस घेणारा वाचकही खरा असतो. नाशिकच्या उत्सवात ही पदे ऐकणारे लोक किती प्रकारचे होते, हे सांगायला त्या निर्णयकक्षात कोणी नव्हते. एक सहृदय वाचक, एक अर्थ, एक शिक्षा अशी ती साखळी होती.

यावरून एक महत्त्वाचा भेद पुढे येतो. टिळकांच्या ज्यूरीत जाणकारी नव्हती, पण संख्या होती, म्हणून मतभेद नोंदला गेला. चंदावरकरांजवळ जाणकारी होती, पण तिला अडवणारे, विचारणारे कोणी नव्हते. आपली परंपरा सहृदयाला फार मोठे स्थान देते, आणि ते योग्यच आहे. परंतु सहृदयाची कल्पना आस्वादासाठी घडलेली आहे. आस्वाद चुकला तर कोणाचे नुकसान होत नाही. निर्णय चुकला तर होते. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रात श्रोत्यांचे वर्गीकरण करताना निव्वळ प्रेक्षक आणि निर्णय देणारा श्रोता यांत भेद केला होता, तो येथे आठवावा. सहृदय हा पहिल्या प्रकारचा आहे. दुसऱ्या प्रकारच्या श्रोत्याला लागणारे गुण आपल्या काव्यशास्त्राने सविस्तर मांडलेले नाहीत.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनचा खून झाला. त्यानंतरचे खटले १९०८ च्या खास कायद्याखाली उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींपुढे, ज्यूरीशिवाय, चालले. नाशिकच्या बाबतीत सरकारला नऊ जणांच्या कौलाचा धोका पत्करायचा नव्हता. यातून ज्यूरीचे सामर्थ्य उलट्या बाजूने सिद्ध होते. जे केवळ देखाव्यापुरते असते ते टाळण्यासाठी कोणी स्वतंत्र कायदा करीत नाही.

४

मात्र ज्यूरीचा गौरव करताना तिचे अपयश झाकून चालणार नाही. नानावटी खटला हे ते अपयश. नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी एप्रिल १९५९ मध्ये आपल्या पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना हा कौल इतका असमर्थनीय वाटला की त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने १९६० मध्ये दोषी ठरवून जन्मठेप दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९६१ मध्ये ती कायम केली. विधी आयोगाने १९५८ च्या आपल्या चौदाव्या अहवालात ज्यूरी बंद करण्याची शिफारस त्याआधीच केली होती. त्या मताला या प्रकरणाने लोकांच्या मनात बळ मिळाले.

या ज्यूरीने काय वाचले? साप्ताहिक ‘ब्लिट्झ’ने हे प्रकरण एका कथानकात बसवले होते : देशसेवक पती, मोहात पडलेली पत्नी, चैनी मित्र. हे कथानक लोकांनी रंगभूमीवर आणि पडद्यावर अनेकदा पाहिलेले होते, त्याचा शेवटही त्यांना ठाऊक होता. पुराव्याचा कथानकाशी मेळ बसेना तेव्हा पुरावा मागे पडला. वाचनातील ही सर्वात सामान्य चूक आहे. संहिता समोर असते आणि आपण संहितेऐवजी तिच्या प्रकाराची आठवण वाचतो. या दृष्टीने नानावटी खटल्याची ज्यूरी अडाणी ठरत नाही. ती फारच सराईत वाचक होती, हा तिचा दोष होता.

आठ वर्षांनी, १९६७ मध्ये, विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगभूमीवर आले. अमेरिकेच्या अध्यक्षावरच्या अभिरूप खटल्याचा प्रयोग करण्यासाठी आलेली हौशी मंडळी वेळ घालवण्यासाठी आपल्यातल्याच बेणारेबाईंवर खटला रचतात, आणि खेळ खरा होत जातो. या नाटकावर स्त्रीचे शोषण, मध्यमवर्गीय दंभ, समूहाची हिंसा या अंगांनी भरपूर लिहिले गेले आहे. त्याच्या न्यायालयीन रचनेकडे पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. या कोर्टात सर्व जागा भरलेल्या आहेत आणि त्या एकमेकींत मिसळलेल्या आहेत. सुखात्मे फिर्यादीचेही वकील आहेत आणि बचावाचेही. न्यायाधीश काशीकर स्वतःच साक्षीदार होऊन येतात. गावातला सामंत साक्ष देतो ती एका कादंबरीतला प्रसंग वाचून. ऐकून घेणारा मात्र एकही नाही. ज्याला या खेळात काही सिद्ध करायचे नाही, ज्याने बोलायचे नाही, शेवटपर्यंत ऐकायचे आहे, अशा माणसाची जागा या कोर्टात नाही.

सामंताच्या साक्षीकडे पुन्हा पाहण्यासारखे आहे. त्या साक्षीत लबाडी नाही. त्याला कोर्टात काय बोलायचे ते माहीत नाही, म्हणून तो हाताशी असलेले पुस्तक उघडतो. बाकीचे मात्र त्या उसन्या प्रसंगात बेणारे ओळखतात, कारण त्यांना ती तशीच हवी असते. नानावटी खटल्यात वृत्तपत्रातल्या कथानकाने आरोपीला सोडवले. येथे कादंबरीतल्या कथानकाने आरोपीला बांधले. यंत्रणा एकच आहे. ज्याच्यावर सारे अवलंबून आहे त्या प्रा. दामले यांना कोर्टात कोणी बोलावत नाही, आणि त्याची उणीव त्या मंडळींना जाणवत नाही, कारण कथानकाला त्यांची गरज नसते.

बेणारेचे प्रदीर्घ स्वगत येते तेव्हा मंचावरची मंडळी थिजलेली असतात. ते स्वगत फक्त प्रेक्षागृहाला ऐकू येते. ज्यूरीची रिकामी जागा नाटककाराने प्रेक्षागृहात ठेवली आहे, असे म्हणता येईल. पण येथे सावध राहायला हवे. प्रेक्षक बेणारेविषयी हळहळतो, काशीकरांचा त्याला राग येतो, आणि तो आपल्या सहृदयतेवर संतुष्ट होऊन घरी जातो. ही ज्यूरीची भूमिका नव्हे. ज्यूरीतला माणूस गांभीर्याने बसला असेल तर त्याला स्वतःलाच प्रश्न करावा लागेल : पहिल्या अंकात या खेळात मी हसत होतो तेव्हा मी काय ऐकत होतो? नाटकाची ताकद शेवटच्या कणवेत जितकी आहे तितकीच, किंवा अधिक, त्या आधीच्या हसण्यात आहे.

५

ज्यूरीच्या बाजूने बोलणाऱ्याला आणखी एका आक्षेपाला उत्तर द्यावे लागते, आणि तो आक्षेप अधिक जड आहे. समूहाच्या हाती निर्णय दिला तर काय होते हे या समाजाला जातपंचायतीने शिकवले आहे. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’मध्ये (१९८०) कैकाडी समाजाची पंचायत येते, लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’मध्येही (१९८७) पंचांचा कारभार येतो. या पुस्तकांत दुहेरी अन्याय आहे : बाहेर पोलीस आणि प्रस्थापित समाज, आत पंच. बाहेरच्या न्यायालयात ज्याचे म्हणणे ऐकले जात नाही त्याला आतल्या न्यायालयातही दंड भरावा लागतो. २०१३ मध्ये नाशिकमध्ये आंतरजातीय विवाह केलेल्या गर्भवती तरुणीचा पित्याकडून खून झाला आणि त्यामागचा जातपंचायतीचा दबाव उजेडात आला. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने त्यानंतर जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. सामाजिक बहिष्काराला प्रतिबंध करणारा राज्याचा २०१६ चा कायदा या प्रयत्नांच्या पार्श्वभूमीवर झाला. ज्या शहरात १९०९ मध्ये निर्णय एका जाणकाराच्या हाती एकवटल्याचा परिणाम दिसला, त्याच शहरात शतकानंतर निर्णय समूहाच्या हाती एकवटल्याचा परिणाम दिसला.

म्हणून ज्यूरी आणि जातपंचायत यांच्यातला फरक नेमका सांगता आला पाहिजे. दोन्हीकडे सामान्य माणसेच बसतात. फरक त्यांच्या शिक्षणात किंवा सद्गुणात नाही. तो रचनेत आहे. जातपंच कायम असतो, ज्यूरीतला माणूस एका खटल्यापुरता. जातपंच आरोपीच्या नात्यागोत्यातला आणि हितसंबंधातला असतो. ज्यूरीतल्या माणसाचा असा संबंध निघाला तर त्याच्यावर हरकत घेता येते. जातपंच नियम सांभाळण्यासाठी बसतो, ज्यूरी घटना ठरवण्यासाठी. जातपंचायतीत मतभेद म्हणजे द्रोह. ज्यूरीत मतभेद मोजला जातो. सर्वात महत्त्वाचे म्हणजे जातपंचाला निर्णय आधीच माहीत असतो आणि ऐकणे हा विधी असतो.

स्टॅन्ली फिश याने अर्थ हा अन्वय-समुदायाकडून ठरतो असे मांडले, आणि आपल्याकडेही त्या मांडणीचे स्वागत झाले. परंतु कोणत्या प्रकारचा समुदाय, हा प्रश्न आपण पुरेसा विचारला नाही. वाङ्मयीन समुदाय जातपंचायतीसारखा असू शकतो आणि ज्यूरीसारखाही. नियतकालिकाभोवती, विद्यापीठाच्या विभागाभोवती, एखाद्या चळवळीभोवती जमलेले वाचक जेव्हा पुस्तक उघडण्याआधी लेखक आपला की परका हे ठरवतात, कायम तेच पंच बसतात, आणि भिन्न मत देणाऱ्याचे हुक्कापाणी बंद करतात, तेव्हा अन्वय-समुदाय या भारदस्त नावाखाली पंचायतच चालू असते. देशीवादी, रूपवादी, जनवादी अशा कोणत्याही गोटाला हे लागू आहे. दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांना आरंभी ‘हे साहित्य आहे काय’ असा जो प्रश्न विचारला गेला, तो साक्ष ऐकण्यापूर्वी साक्षीदाराची पात्रता ठरवण्याचा प्रकार होता. आणि नंतर त्याच आत्मकथनांना केवळ ‘अस्सल अनुभव’ म्हणून बिनचिकित्सा स्वीकारले गेले, तोही न ऐकण्याचाच दुसरा प्रकार होता. साक्षीदाराचा मान राखणे म्हणजे त्याचे म्हणणे तपशिलाने तपासणे. जे तपासले जात नाही ते गांभीर्याने घेतलेले नसते.

६

ज्यूरीत गांभीर्याने बसणे म्हणजे काय, हे या उदाहरणांवरून आता सूत्ररूपाने सांगता येईल. पहिली गोष्ट, शेवटपर्यंत ऐकणे. साहित्यकृतीच्या बाबतीत हे वाटते तितके साधे नाही. पदव्युत्तर वर्गात कृतीआधी तिच्यावरचे निष्कर्ष हाती येतात. दुसरी, आपण जो वाचक नाही त्याची कल्पना करणे, पण ती स्ट्रॅचींच्या ज्यूरीप्रमाणे दुसऱ्याने पुरवलेल्या चित्रावरून न करता संहितेतून आणि प्रत्यक्ष माणसांतून करणे. तिसरी, ओळखीच्या कथानकाविषयी संशय बाळगणे. चौथी, आपली जाणकारी इतर वाचनांसमोर उभी करणे, कारण चंदावरकरांसारखा समर्थ वाचकही एकटा असला की अपुरा पडतो. पाचवी, एकटे पडण्याची तयारी ठेवणे, पण एकटे पडण्याची हौस न ठेवणे.

एका बाबतीत समीक्षकाची जबाबदारी ज्यूरीपेक्षा मोठी आहे. ज्यूरीला कारणे द्यावी लागत नसत. समीक्षकाला द्यावी लागतात. १९०८ च्या त्या दोघांची कारणे आपल्याला मिळाली असती तर मराठी गद्याच्या अन्वयाचा तो एक मूल्यवान दस्तऐवज ठरला असता. दुसऱ्या बाबतीत समीक्षकाची सवय सैल आहे. आपल्या निर्णयाने कोणाचे तरी काही बिघडते ही जाणीव ज्यूरीतल्या माणसाला टाळता येत नसे, कारण ते माणूस समोर पिंजऱ्यात उभे असे. समीक्षकासमोर कोणी उभे नसते. म्हणून तो निवाडे स्वस्तात देतो, किंवा निवाडाच नको असे म्हणून मोकळा होतो. मूल्यनिर्णय टाळणे हे अलीकडच्या सिद्धान्तचर्चेत प्रगल्भतेचे लक्षण मानले जाते. ज्यूरीच्या दृष्टीने पाहिले तर ते कामावर हजर न राहणे आहे.

‘बारा संतप्त माणसे’ या आशयाच्या अमेरिकन कृतीवरून ‘एक रुका हुआ फैसला’ हा हिंदी चित्रपट १९८६ मध्ये आला, तेव्हा भारतात ज्यूरी उरलेली नव्हती. तरी तो आपल्या प्रेक्षकांना परका वाटला नाही. संस्था गेली तरी तिने जागवलेली गरज गेलेली नाही, असा याचा अर्थ घेता येतो. न्यायालयांत मजकुराचे अर्थ आजही लावले जातात. राजद्रोहाच्या जुन्या कलमाचा वापर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगित केला, आणि जुलै २०२४ पासून नव्या न्यायसंहितेत त्याच्या जागी वेगळ्या शब्दांचे कलम आले. ते शब्द कोणत्या कवितेला, कोणत्या लेखाला लागू होतात हे न्यायाधीश ठरवतील, आणि त्याआधी पोलीस ठाण्यात कोणी तरी ठरवील. नऊ सामान्य माणसांना ते विचारले जाणार नाही. अशा वेळी सामान्य वाचकांचे वेगवेगळे अन्वय जाहीरपणे, कारणांसह आणि मतभेद नोंदवून मांडले जातील अशी एक जागा तरी समाजात असावी लागते. वाङ्मयीन नियतकालिक ही ती जागा होऊ शकते. मात्र तिथे पंच बसतात की ज्यूरी, यावर तिची किंमत ठरेल.